नुकसानीचे कारण : इतर

बारदाना किती आणायचा, एवढंच जयाबाईंनी विचारलं होतं.

चिचखेड्याच्या वावरात दोन एकर मका उभा होता, कणसं भरत आली होती, शेजारचे जफरभाई गाडी घेऊन दारव्ह्याला निघाले होते. त्यांच्यासोबत रिकामी पोती मागवून घ्यावीत, इतका साधा घरगुती विचार त्यामागे होता. दुसऱ्या कोणत्याही नवऱ्यानं "आण साठ-सत्तर" म्हटलं असतं आणि तो आंघोळीला गेला असता. पण सदाशिवराव तायडे दारव्ह्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. 'साठ-सत्तर' हा आकडा नसून आकड्यांचा अपमान आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

"काढून सांगतो," ते म्हणाले.

"काय काढून?"

"अंदाज. शास्त्रीय."

जयाबाईंनी जफरभाईंना हात करून गाडी जाऊ दिली. संसारात 'शास्त्रीय' हा शब्द आला की त्या दिवशी काही आणायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता, शेतकऱ्याच्या वावरात किती पिकणार हे कापणीआधी सांगण्याच्या पद्धती चिचखेड्यात नव्हत्या असं नाही. जफरभाईंची एक होती. त्यांचं दारव्हा रोडवर मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आणि सदाशिवरावांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून वावर. ते संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "नव्वद."

"कशावरून?"

"नजरेवरून, सर."

"दुसरा डोळा उघडला असता तर किती झाले असते?"

जफरभाईंनी प्रामाणिकपणे दुसरा डोळा उघडून पाहिलं. "तरी नव्वदच."

तांड्यावरचे देवसिंग राठोड आले, त्यांनी एक कणीस सोललं, दाणा दाताखाली धरला, बराच वेळ आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "निंगन तेवढं निंगन, सर. आपल्या हातात काय हाये?"

"याला अंदाज म्हणत नाहीत देवसिंगभाऊ, याला शरणागती म्हणतात!" सदाशिवराव कडाडले. एरवी ते गावाशी गावासारखंच बोलत. पण राग आला की त्यांच्या तोंडून पाठ्यपुस्तकातलं शुद्ध मराठी बाहेर पडे. त्यामुळं गावाला त्यांचा राग दुरूनही व्याकरणावरून ओळखू येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुतळी, मोजपट्टी, प्लास्टिकची खुर्ची आणि पाण्याचा कॅन घेऊन वावरात गेले. पद्धत सरळ होती. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद एवढा तुकडा सुतळीनं आखायचा. त्यातली कणसं मोजायची. त्यांतली काही तोडून एका कणसावर किती ओळी, एका ओळीत किती दाणे हे पाहायचं. दाण्याचं वजन काढायचं, गुणाकार करायचा आणि बायकोला उत्तर द्यायचं. तुकडा कुठं आखावा याबाबत शास्त्राचं म्हणणं असं की तो चिठ्ठ्या टाकून, कुठंही निघेल तिथं आखावा. सदाशिवरावांनी तो धुऱ्याच्या कडुलिंबाखाली आखला, कारण खुर्ची सावलीत राहत होती. शास्त्र उन्हात बसत नाही, असं त्यांनी मनाशी समर्थन केलं.

पहिला खटका ओळींवरून उडाला. मक्याच्या कणसावर दाण्यांच्या ओळी नेहमी सम असतात. बारा, चौदा, सोळा. ही निसर्गाची शिस्त सदाशिवरावांना इतकी आवडली की त्यांनी मदतीला आलेल्या जफरभाईंना ती दोनदा समजावून सांगितली. जफरभाईंनी पहिलंच कणीस मोजलं आणि म्हणाले, "पंधरा."

"असू शकत नाही."

"सर, हातात आहे माह्या."

"मग तुम्ही एक ओळ दोनदा मोजली."

"अन् तुम्ही न मोजता सांगून राह्यले!"

कणीस देवसिंगांकडं गेलं. त्यांनी तेरा मोजल्या. जेवण घेऊन आलेल्या जयाबाईंनी चौदा मोजल्या, पण सदाशिवरावांनी "बघा!" म्हणताच जफरभाई म्हणाले, की वहिनी घरच्याच आहेत, त्यांची साक्ष चालत नाही. शेवटी पहिल्या ओळीला जफरभाईंच्या खिशातल्या पेननं खूण करून पुन्हा मोजणी झाली. चौदा. सदाशिवरावांनी विजयी मुद्रेनं सभोवार पाहिलं. सभोवार मका होता. त्यानं काही दाद दिली नाही.

दुसरा खटका दशांश चिन्हावरून. गुणाकार करताना जयाबाईंनी "भाजी घेता का?" विचारलं आणि ग्रॅमचे किलो करायचे राहून गेले. पहिल्या गणिताप्रमाणे त्या दोन एकरांत अख्ख्या तालुक्यात मावणार नाहीत इतकी पोती निघाली. जफरभाईंनी लगेच फोन काढला. सदाशिवरावांना वाटलं ते हिशोब तपासताहेत. ते गावाच्या ग्रुपवर टाकत होते. संध्याकाळपर्यंत पारावर बसलेला प्रत्येक जण त्यांना "सर, रेल्वेचा डबा सांगून ठेवला का?" असं विचारून गेला. वास्तविक दारव्ह्यात असल्या मालगाडीची सोयच नाही, म्हणजे विनोदसुद्धा अशास्त्रीय. हेच त्यांना जास्त लागलं.

मग वजन. घरच्या काट्यावर दाण्यांचं वजन नीट येईना, म्हणून ते शंभर दाणे रुमालात बांधून दारव्ह्याला सोनाराकडं गेले. सोनार त्यांचाच विद्यार्थी. त्यानं रुमाल उघडला, दाणे पाहिले, पुन्हा सरांकडं पाहिलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, "सर, घडवायचं काय आहे?"

दाणे ओले होते हे वजन झाल्यावर लक्षात आलं. ओल्या दाण्याचं वजन म्हणजे निव्वळ फसवणूक. म्हणून दुसरे शंभर दाणे वाळवायला तव्यावर ठेवले, ते करपले. तिसरे गच्चीवर ठेवले. ते खारीनं नेले. प्रत्येक वेळी नवे दाणे म्हणजे नवी कणसं, आणि सोललेलं कणीस काही परत ताटाला चिकटवता येत नाही. ती कणसं जयाबाई वावरातच मांडलेल्या चुलीवर भाजत. भाजलेल्या कणसाचा वास धुरा ओळखत नाही. तो आधी जफरभाईंच्या वावरात गेला, मग नाल्यापलीकडं, मग तांड्यावर. माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण आधी शास्त्रात रस दाखवी.

"सर, एका नमुन्यावर कसं सांगता येईन? अजून चार तोडून पाहा ना."

सदाशिवरावांना हे पटे. एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये हे ते मुलांना शिकवत आले होते. आज ते गाव आपणहून म्हणतंय, याचा त्यांना अभिमानच वाटला. गाव तिखट-मीठ आणि लिंबू सोबत घेऊन येतं, याचा अर्थ त्यांच्या उशिरा लक्षात आला. तोवर कडुलिंबाखालचा मका आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा पट्टा नुसती ताटं घेऊन उभा होता.

पण उत्तर निघालं. बहात्तर पोती.

"बहात्तर," त्यांनी जयाबाईंना सांगितलं.

"बरं झालं," जयाबाई म्हणाल्या. "मी मागंच शंभर आणून ठेवले. उरले तर तुरीले कामी येतील."

यावर सदाशिवराव दोन वेळचं जेवण शुद्ध मराठीत जेवले.

गोष्ट इथं संपली असती तर तो घरातला अपमान घरात राहिला असता. पण त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला, की महसूल मंडळातल्या मक्याचा पीक कापणी प्रयोग यंदा चिचखेड्यात होणार. सरकार चिठ्ठी टाकल्यासारखं एक वावर निवडतं, त्यातला ठरावीक तुकडा कापून वजन करतं, आणि त्यावरून आसपासच्या सगळ्या गावांना किती पिकलं ते ठरवतं. विमा मिळायचा की नाही, तेही त्यावरच. चिठ्ठीत सदाशिवरावांचं वावर निघालं होतं.

त्या संध्याकाळी देवसिंग वावरात आले. बसले नाहीत.

"सर, तुमचं वावर उतारावर हाये. पाणी थांबलं नाई. आमचं नाल्याकाठी. पंधरा दिवस मका गुडघाभर पाण्यात होता, वरून लष्करी अळी. माह्या कणसात दाणे मोजाले जाल त तुमची एक ओळबी पुरी होणार नाई."

"मला ठाऊक आहे, देवसिंगभाऊ."

"आता तुमचं वावर मोजतील अन् म्हणतील, चिचखेड्यात मका झकास आहे. मंग आमाले काय भेटन?"

जफरभाई ऐकत होते. ते धुऱ्यावरूनच म्हणाले, "सर, तुमच्या कुंपणाची झटका मशीन दोन दिवस दुरुस्तीले माह्याकडे आणून द्या. बाकीचं काम डुकरं करतील. पैसे नाई घेत."

"जफरभाई!" सदाशिवराव उभे राहिले. "आपण मला सरकारी प्रयोगात डुकरांकरवी हस्तक्षेप करण्यास सुचवीत आहात काय?"

"म्हंजे नाई म्हणून राह्यले," जफरभाईंनी देवसिंगांना भाषांतर करून सांगितलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पारावर ते गेले की बोलणं थांबे. काळीपिवळीवाला त्यांना पाहून वेग वाढवी. तिखट-मीठ घेऊन येणारं एकही माणूस धुऱ्यावर फिरकेना. सदाशिवरावांची जीव जाईस्तोवर चिडचिड झाली. मी काय चोरी केली? मी चांगला मका पिकवला, हा माझा गुन्हा? आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर देवसिंगांचं गुडघाभर पाणी आठवे, त्याचा त्यांना आणखी राग येई, कारण त्या पाण्यात देवसिंगांची काही चूक नव्हती, त्यांचीही नव्हती आणि चुकीचं उत्तर मात्र बरोबर पद्धतीनं निघणार होतं.

"त्याइले सांगा ना, नाल्याकाठचंबी एक वावर पाहा म्हणून," जयाबाई म्हणाल्या.

ते तहसिलीत जाऊन सांगून आले. तिथं एका खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडं पाठवलं, दुसरीनं जेवणाच्या सुट्टीकडं, आणि सुट्टीनंतर पहिली खिडकी म्हणाली की चिठ्ठी कॉम्प्युटरनं काढली आहे, कॉम्प्युटरला विनंती करता येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी अख्खं गाव धुऱ्यावर होतं. कृषी सहायक ममता मॅडम टॅब घेऊन आल्या, सोबत तलाठी, विमा कंपनीचा एक टोपीवाला माणूस आणि वजनकाटा. मॅडम तरुण, कामाला पक्क्या, आणि उन्हानं आधीच वैतागलेल्या. त्यांनी टॅबवर बोट दाबलं. ॲपनं वावराचा नकाशा गिळला, थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि एक लाल ठिपका दाखवला. मॅडम ठिपक्याच्या दिशेनं चालू लागल्या. मागं तलाठी, मागं टोपीवाला, मागं गाव. ठिपका चालत चालत कडुलिंबाखाली येऊन थांबला.

धुऱ्यावर कुणीतरी शिट्टी मारली.

"सर," मॅडमनी एकेक ताट हलवून पाहिलं, "इथली कणसं कुठं गेली?"

सदाशिवरावांनी मागं वळून गावाकडं पाहिलं. कणसं रांगेनं उभी होती.

"मॅडम, हा तुकडा बाद धरावा," ते घसा साफ करून म्हणाले. "येथील कणसे मी स्वतः उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी तोडली. आपण चार पावलं पलीकडं घ्या. तिथं पीक उत्तम आहे."

"पलीकडं नाही घेता येत. पॉइंट लॉक झाला."

"मग उघडा."

"तो वरून उघडतात."

"वरून म्हणजे?"

मॅडमनी बोटानं वर दाखवलं. सगळ्यांनी वर पाहिलं. वर कडुलिंब होता.

तेवढ्यात देवसिंग पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रक्त दिसत होतं. "मॅडम, पॉइंट बरोबर हाये. सरकारचा पॉइंट हाये. असन तेवढं मोजून घ्या."

मोजलं. चार-दोन पोचट कणसं सापडली, जी नमुना म्हणूनही कुणी खाल्ली नव्हती. काट्याचा आकडा जागचा हलला की वाऱ्यानं थरथरला, यावर तलाठी आणि टोपीवाल्यात थोडी चर्चा झाली. गावात मात्र आनंद मावेना. एकानं तर सदाशिवरावांच्या खांद्यावर हात ठेवून "सर, मानलं बाप्पा तुमाले!" म्हटलं. गावाला वाटलं, सरांनी मुद्दाम, इतके दिवस आधी, शास्त्रीय पद्धतीनं हे घडवून आणलं.

हा शेवटचा घाव होता. ज्या माणसानं आयुष्यात एका मार्काची खाडाखोड केली नाही, त्याचं गाव त्याला लबाड समजून त्याचे आभार मानत होतं!

"थांबा!" सदाशिवराव ओरडले. "मॅडम, लिहून घ्या. पीक नैसर्गिकरीत्या गेलेले नाही. कारण लिहा."

"सर, कायले?" जफरभाई कळवळले.

"लिहा!"

मॅडमनी टॅबवर 'नुकसानीचे कारण' उघडलं आणि वाचून दाखवलं. "पूर. दुष्काळ. कीड. रोग. गारपीट. वन्यप्राणी. इतर. यातलं काय?"

"इतर."

"इतर म्हटलं की फोटो लागतो."

"रिकाम्या ताटांचा घ्या."

"नुकसानीचा नाही, कारणाचा फोटो लागतो. कीड असली की किडीचा, डुक्कर असलं की डुकराचा. फोटोशिवाय पुढचं पान उघडत नाही."

वावरात वारा पडला. जयाबाईंनी पदर तोंडावर घेतला, तो हसू लपवायला की काळजीनं, हे सांगता येत नव्हतं. सदाशिवरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि रिकाम्या ताटांच्या मधोमध जाऊन, शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहत तसे ताठ उभे राहिले.

"काढा."

"सर, तुमचा?"

"कारण मी आहे. काढा."

मॅडमनी काढला. मागून जफरभाईंचा आवाज आला, "सर, एक कणीस हातात धरा, म्हंजे वरच्याइले समजन." सदाशिवरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या फोटोत त्यांच्या हातात कणीस होतं.

त्या दिवसापासून गाव पुन्हा गप्प झालं. आता तर जास्तच, कारण आता प्रयोग रद्द होणार, पुन्हा मोजणी होणार आणि सरांच्या भरघोस कणसांवर सगळं मंडळ तोललं जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं. देवसिंगांनी रामराम घेणंही सोडलं. सदाशिवराव घरात बसून राहिले. खरं बोलल्याचं समाधान असतं असं ते वर्गात सांगत. ते नेमकं शरीरात कुठं जाणवतं, हे ते शोधत होते.

आठवडाभरानं दारात एक मोटरसायकल थांबली. खाकी कपड्यांतला वनरक्षक उतरला, त्याच्या हातात कागद होता.

"तायडे सदाशिव? तुमच्या मक्यात वन्यप्राणी घुसला होता ना? पंचनामा करायचा आहे."

"माझ्याकडे कोणताही वन्यप्राणी आला नव्हता."

"असं कसं? वरून आलं आहे." त्यानं कागद पाहिला. झालं होतं ते असं, की गावातल्या टॅबमध्ये 'इतर' असा रकाना होता, पण वरच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरमध्ये तो नव्हता. तिथं 'इतर' आपोआप त्याच्या आधीच्या रकान्यात जाऊन बसत होता. "हे पाहा, वन्यप्राणी. फोटोबी जोडला आहे म्हणतात, पण आमच्याकडे प्रिंट काळी आली. रोही होता का डुक्कर?"

सदाशिवरावांच्या तोंडून शुद्ध मराठीसुद्धा बाहेर पडेना.

"कळप किती होता?" वनरक्षकानं पेन उघडलं.

"एकच आहे," जयाबाई आतून पाणी घेऊन येत म्हणाल्या. "पण मोजून-मोजून खाते."

मात्र त्या काळ्या प्रिंटनं एक काम केलं. वन्यप्राण्यानं खाल्लेला तुकडा मोजणीत धरत नाहीत, असा नियम निघाला. तो बाद झाला आणि कॉम्प्युटरनं राखीव म्हणून ठेवलेलं दुसरं वावर पुढं आलं. ते नाल्याकाठचं, देवसिंगांचं होतं. ममता मॅडम पुन्हा आल्या, पुन्हा काटा लावला. यावेळी धुऱ्यावर कुणी शिट्टी मारली नाही. जे होतं ते काट्यावर दिसलं, जे दिसलं ते खरं होतं, आणि मंडळाला त्याप्रमाणं विमा मिळाला.

त्या संध्याकाळी देवसिंग घरी आले. यावेळी बसले. चहा घेतला आणि म्हणाले, "सर, तुमी फोटो काढून घेतला तवा मले लई राग आलता."

"मलाही आला होता," सदाशिवराव म्हणाले.

"अजून हाये?"

"आहे. ओळी तेरा मोजल्या होत्या तुम्ही."

मळणी झाली. सदाशिवराव यंत्राशेजारी उभं राहून प्रत्येक पोतं स्वतः मोजत होते. जफरभाई शेजारी उभे राहून त्यांना मोजत होते. निघाली एकाहत्तर.

"पाहा!" सदाशिवराव गरजले. "बहात्तर म्हटलं होतं. एक पोतं गाव खाऊन बसलं. माझं गणित तंतोतंत बरोबर होतं!"

"म्हंजे अंदाज काढाले एक पोतं लागते," जयाबाई म्हणाल्या आणि उरलेला बारदाना घडी करू लागल्या.

सदाशिवरावांच्या पद्धतीचं कौतुक कुणीच केलं नाही, हे त्यांनी मनाला फार लावून घेतलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुतळी, मोजपट्टी आणि खुर्ची घेऊन घरामागच्या तुरीच्या वावराकडं निघाले. शेंगा भरायला अजून अवकाश होता, पण एका शेंगेत दाणे किती याबद्दल जफरभाईंनी आदल्या संध्याकाळी काहीतरी बेजबाबदार विधान केलं होतं.

फोन ते घरीच विसरले. तो खणखणला, जयाबाईंनी उचलला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, गोड आणि सरकारी.

"आपल्या शेतातील वन्यप्राण्याबाबतची तक्रार नोंदवण्यात आली होती. सदर वन्यप्राण्याचा बंदोबस्त झाला असल्यास एक दाबा. झाला नसल्यास दोन दाबा."

जयाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तुरीच्या कडेला, झाडाच्या सावलीत, खुर्ची मांडून झाली होती.

त्यांनी दोन दाबलं.